पाच घरचं पीठ

आईच्या आजाराचं निदान झालं त्या आठवड्यात मी देवापुढे दिवा लावणं बंद केलं. कुणी विचारलं असतं तर वेळ मिळत नाही असं सांगितलं असतं, पण खरं कारण राग हे होतं. सहासष्ट वर्षांची बाई. जन्मात कुणाचं वाईट चिंतलं नाही, चाळीस वर्षं मंगळवारी आणि शुक्रवारी अनवाणी पायांनी भवानीचा जोगवा मागितला, आणि तिच्याच वाट्याला ल्युकेमिया यावा? मी देवीला मनातल्या मनात बरंच काही बोललो. आज ते आठवलं की लाज वाटते. पण हा अनुभव सांगायचा तर त्या रागापासूनच सांगावा लागेल, कारण मी स्वतःला भक्त म्हणवून घ्यावं असा माणूस तेव्हा मुळीच नव्हतो.

आम्ही मूळचे धाराशिवकडचे. वडील तरुणपणी भोसरीत कामाला लागले आणि निगडीत दोन खोल्या घेऊन राहिले. आईच्या माहेराकडून आमच्या घरात देवीची परडी आली. वेताची गोल टोपली, तिच्या काठाला कवड्या. मंगळवारी आणि शुक्रवारी ती हातावर घेऊन पाच घरी जायचं, जे पीठमीठ मिळेल ते घ्यायचं आणि त्याची भाकरी घरच्यांनी खायची, हा तो कुळाचार. घरात धान्याचं पोतं भरलेलं असलं तरी त्या दोन दिवशी मागूनच खायचं. लहानपणी मला याची फार लाज वाटे. आई ज्या गल्लीत जोगवा मागायची त्याच गल्लीत माझ्या वर्गातली मुलं राहायची, आणि ती लांबून दिसली की मी खेळ सोडून पळून जायचो. पुढे वडील गेले, तरी तिनं निगडी सोडली नाही. पुढल्या गल्लीतल्या कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुणाच्या मुलाची नोकरी गेली, हे तिला दारोदार ठाऊक असायचं.

मी शिकलो, चाकणच्या एका कंपनीत लागलो. बाहेरून येणारे सुटे भाग तपासायचे आणि मापात नसतील ते परत पाठवायचे, हे माझं काम. दिवसभर लोकांना ‘नाही’ म्हणण्याचाच मला पगार मिळतो, असं माझी बायको सीमा म्हणते. पिंपळे सौदागरला फ्लॅट घेतला, सोसायटीचा सेक्रेटरीही झालो. तिथेही नाही म्हणायचा माझा हातखंडा उपयोगी पडला. ‘फेरीवाले, भिक्षेकरी व वर्गणी मागणाऱ्यांस सक्त मनाई’ हा फाटकावरचा बोर्ड माझ्याच सहीनं लागलेला. कुणाकडे काही मागायची वेळ माझ्यावर आली नव्हती, आणि याचा मला अभिमान होता. शेजारच्याकडून कधी पाना-पक्कडसुद्धा मागितली नाही मी.

निदान झाल्यावर आई आमच्याकडे आली. येताना तिनं दोन लुगडी, चष्मा आणि परडी एवढंच आणलं. महिन्यातून सात दिवस इंजेक्शनं, रोजच्या गोळ्या, आणि मंगळवारी-शुक्रवारी रक्त तपासायला पिंपरीच्या हॉस्पिटलात जायचं, असा क्रम सुरू झाला. पांढऱ्या पेशी इतक्या कमी झाल्या होत्या की डॉक्टरांनी एक यादीच दिली. तोंडावर मास्क, गर्दीत जायचं नाही, कुणाच्या घरी जायचं नाही, कच्चं काही खायचं नाही, घरात फुलं नकोत, माती नको. अंगारा, तीर्थ, हळदीकुंकू हे सगळं मीच त्या यादीत हातानं वाढवलं आणि ती यादी फ्रिजवर चिकटवली. परडी माळ्यावर टाकणार होतो, पण सीमानं ती कापडात गुंडाळून आईच्या खोलीतल्या खुंटीला अडकवली. दुपारी खिडकीपाशी बसून आई समोरच्या इमारतीकडे बघत राहायची. तिथे शेकडो दारं होती आणि त्यातलं एकही तिच्या ओळखीचं नव्हतं. तिला काय हवंय ते मला कळत होतं, आणि ते कळत नसल्यासारखा मी वागत होतो.

उपचाराच्या दोन फेऱ्या पार पडल्या. आईचं वजन मात्र उतरतच गेलं. तोंडाला चव नाही, सगळं लोखंडासारखं लागतं, असं ती म्हणायची, आणि या औषधांनी असं होतंच म्हणून आम्हीही फार खोदून विचारलं नाही. तिसरी फेरी सोमवारी सुरू व्हायची होती. त्याआधीच्या मंगळवारी हॉस्पिटलच्या बाकावर आम्ही रिपोर्टची वाट बघत बसलो होतो. तेवढ्यात एक बाई आमचा डबा घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. तिचा नवरा तिथेच उपचार घेत होता.

“दादा, मावशींचा डबा. धुऊन आणलाय,” ती म्हणाली. “लई आधार झाला बघा यांचा. दर मंगळवारी, शुक्रवारी आम्हाला जेवू घालतात.”

मी आईकडे पाहिलं. तिनं पदर नीट केला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघू लागली. तेव्हा सगळं उलगडलं. दोन महिने ती त्या दोन दिवशी उपाशी राहत होती. घरी म्हणायची, हॉस्पिटलात खाते; तिथे मी औषधांच्या रांगेत असताना डबा त्या बाईला द्यायची, आणि हॉस्पिटलातून आलो की म्हणायची, तिथंच खाल्लं, पोट भरलंय. रात्री ताट पुढे केलं की मळमळतंय म्हणून झोपून जायची. जोगव्याचं पीठ नाही तर भाकरी नाही, एवढा साधा हिशोब होता तिचा. तिच्या दृष्टीनं ती काही लपवतही नव्हती, आपला नेम पाळत होती.

डॉक्टरबाईंना हे सांगितलं. त्या आईचा हात हातात घेऊन म्हणाल्या, “आजी, ही रोजची मोठी गोळी पोटभर जेवल्यावरच घ्यायची असते. उपाशीपोटी ती अंगी लागत नाही. आणि अंगात इतका अशक्तपणा असताना मी पुढची फेरी सुरू करू शकत नाही.” बाहेर बोलावून मला त्यांनी सरळ सांगितलं की सोमवारपर्यंत आईनं नीट खायला लागलं पाहिजे, नाहीतर उपचार थांबवावे लागतील, आणि थांबवले तर हा आजार थांबणार नाही.

मी घरी आलो आणि माझ्या स्वभावाला साजेसा मार्ग काढला. शुक्रवारी सकाळी आई अंघोळीला गेली तेव्हा कोपऱ्यावरच्या गिरणीतून ज्वारीचं पीठ आणलं, परडीत ओतलं, आणि ती बाहेर आल्यावर म्हणालो, “आई, पाच घरी जाऊन आलो.” तिचा चेहरा इतका उजळला की मला वाटलं, जमलं. दुपारी हॉस्पिटलातून परत आलो. सीमानं गरम भाकरी ताटात वाढली. आई म्हणाली, परडी दाखव. कच्चं पीठ तिच्याजवळ नको म्हणून मी लांबून दाखवली.

तिनं चष्मा पुसून पुन्हा लावला. “पाच घरच्या पिठाला एकच रंग कसा रे, बाबा?”

मी परडी खाली ठेवली. सीमा ओट्याकडे तोंड करून पुटपुटली, “निदान दोन गिरण्यांतून तरी आणायचं.”

“माझ्याशी खोटं बोललास त्याचं काय न्हाई,” आई म्हणाली. “तिला कामून फसवायलास?” आणि तिनं ताट हळूच बाजूला सारलं, भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

मग मी जे बोललो ते लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. मी ओरडलो, “मग उपाशीच मर तुझ्या देवीपायी!” सीमानं माझा दंड धरला. आईनं वळूनही पाहिलं नाही. तिचे केस गेलेलं डोकं, मानेवरची ती निळी शीर, पदराखाली हलणारा श्वास, एवढंच मला दिसत होतं. मला फार रडू आलं. रडायचं नव्हतं म्हणून परडीतलं पीठ डब्यात ओतलं, ती स्वच्छ पुसली आणि तशीच हातावर घेऊन घराबाहेर पडलो. जोगवा अनवाणी मागतात हे आठवलं, म्हणून दारात चपला काढल्या. वाटलं की निगडीला जावं, तिथली दारं आईची आहेत, कुणी काही विचारणार नाही. पण जिथं राहतो तिथलीच पाच घरं मागायची, हे ती नेहमी सांगायची. लिफ्टच्या आरशात स्वतःला पाहिलं. नंतर कामावर जायचं म्हणून घातलेला ऑफिसचा शर्ट, गळ्यात कंपनीचं कार्ड तसंच राहिलेलं, आणि हातात परडी.

खाली शेजारच्या विंगमध्ये वॉचमननं हटकलं. मग मला ओळखून तो गोंधळला. “सर, कुणाकडं? नाही म्हणजे… मागायला कुणाला सोडायचं नाही, असं तुम्हीच सांगितलंय.”

“मग माझी तक्रार लिहून ठेव,” मी म्हणालो आणि आत गेलो.

दुपारची वेळ, सगळे कामावर. घंटा वाजवायची, थांबायचं, पुढच्या दाराशी जायचं. पहिलं दार एका मुलीनं उघडलं. कानाला हेडफोन, कुणाशी तरी इंग्रजीत बोलणं चालू. मी परडी पुढे केली. कसाबसा म्हणालो, “आई आजारी आहे, तिच्यासाठी जोगवा मागतोय.” तिनं हातानं थांबा म्हणून खूण केली आणि पिशवीतलं गव्हाचं पीठ वाटीभर आणून घातलं. दुसऱ्या घरच्या मारवाडी काकूंनी आधी पैसे पुढे केले. पैसे नकोत म्हटल्यावर बाजरीचं पीठ दिलं. तिसरं घर इथल्याच मूळच्या शेतकऱ्याचं, आमची सोसायटी उभी आहे ती जमीन एकेकाळी त्यांची. म्हातारबुवांनी दार उघडलं आणि परडी पाहून हात जोडले. “जोगवा हाय व्हय? आन तुमी, साहेब? बरं केलंत. आमच्याकडं नाचणी हाय, चालंल न्हवं?” मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. चौथ्या घरातल्या बाईकडे पीठ म्हणून नव्हतंच, फक्त ओट्स होते. तिनं ओशाळून विचारलं, हे चालतं का? मी परडी पुढे केली. काय चालतं आणि काय नाही हे ठरवायची माझी ऐपत तोवर संपली होती.

पाचवं घर मिळेना. चार मजले चढलो-उतरलो. एकच दार असं होतं की आत टीव्हीचा आवाज येत होता, आणि ते शेखांचं होतं. त्यांचं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान. त्यांचा टेम्पो पाहुण्यांच्या जागेत उभा राहतो म्हणून मी त्यांना दोन नोटिसा दिल्या होत्या, आणि सोसायटीच्या सभेत चारचौघांत नको ते बोललो होतो. त्यानंतर आम्ही एकमेकांकडे बघतही नव्हतो. त्या दाराशी मी किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. आयुष्यात पहिल्यांदा, अगदी मनापासून, मी देवीला म्हणालो, आता मला कळत नाही, तू बघ. आणि घंटा दाबली.

शेखांनीच दार उघडलं. “आता काय राहिलं, सेक्रेटरी साहेब?”

मी दोन्ही हातांनी परडी पुढे धरली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. शेखांनी माझ्याकडे पाहिलं, परडीकडे पाहिलं आणि आत वळून हाक मारली, “अम्मी, जरा बाहेर या.”

त्यांची म्हातारी आई भिंतीला धरत आली. परडी दिसताच ती थबकली. मग आत गेली, हात धुतल्याचा आवाज आला, आणि डोक्यावर पदर घेऊन ती ज्वारीच्या पिठाची वाटी आणि चिमूटभर मीठ घेऊन आली. पीठ तिनं स्वतः परडीत वाढलं.

“तुळजापूर तालुक्यातलं माहेर हाय माजं,” ती म्हणाली. “दर शुक्कारी आमच्या दारात परडी यायची. माजी आई वाढायची. पन्नास वर्सं झाली बघ, परडी दिसली न्हवती. कुणाची हाय?”

मी आईचं सगळं सांगितलं. तिनं मान हलवत ऐकून घेतलं. मी वळलो तशी तिनं थांबवलं. “आरं, असा कसा चाललास? आमचं परत दे की.” मला कळेना. “परडीतलं चिमूटभर मला दे. घेतलेल्यातलं थोडं परत देत्यात. न्हाईतर जोगवा पुरा होत न्हाई. आईनं सांगितलं न्हाई व्हय तुला?”

आईनं सांगितलंही असेल. मी तेव्हा पळून गेलेलो असणार. मी तिच्या तळहातावर पीठ ठेवलं. तिनं ते कपाळाला लावलं. मग मी उलट्या क्रमानं चारही दारांवर पुन्हा गेलो आणि चिमूट चिमूट परत देऊन आलो. ओट्सवाल्या बाईला काही उमगलं नाही, पण तिनं ओंजळ पुढे केली.

घरी आलो तेव्हा आई तशीच पडून होती. मी लांबूनच परडी दाखवली. पिठाचे पाच ढीग वेगवेगळे दिसत होते. ती उठून बसली. “ह्यी बाजरी. ह्यी नाचणी. आन ह्यो भुसा कसला?”

“ओट्स, आई.”

“असंल. त्यांच्या घरी त्येच असंल.” मग थोडं थांबून तिनं विचारलं, “पाची घरी परत दिलंस?”

“दिलं,” मी म्हणालो. ते खरं होतं आणि खरं बोलताना किती हलकं वाटतं ते मला त्या दिवशी कळलं. ज्वारी कुणी वाढली तेही सांगितलं. आईनं परडीला लांबूनच हात जोडले. सीमानं पाच पिठं एकत्र मळून भाकरी केली. ती जरा चिरली, कडा तुटल्या. आईनं मुगाच्या आमटीत कुस्करून पहिला घास घेतला, आणि मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. दुसरा घास घेतला. “आज त्वांड कडू न्हाई,” ती म्हणाली. दीड भाकरी खाल्ली तिनं, आणि मग ती मोठी गोळी घेतली.

सोमवारी फेरी सुरू झाली. औषधांच्या मधल्या दिवसांत चव परत येते कधीकधी, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. येत असेल. मी त्यावर वाद घालत नाही. दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी शिफ्ट बदलून घेऊन परडी घेऊन निघायचो. चौथ्या फेरीनंतर कमरेच्या हाडातला मगज काढून तपासला, त्यात आजार दिसला नाही. पेशी वाढल्यावर डॉक्टरांनी परवानगी दिली, तेव्हा आई मास्क लावून स्वतः माझ्यासोबत निघाली. शेखांच्या दारात दोघी म्हाताऱ्या एकमेकींचे हात धरून अशा बोलत बसल्या की मला लिफ्ट दोनदा परत पाठवावी लागली. परत येताना लिफ्टमध्ये आई म्हणाली, “तुला वाटलं आसंल, ही देवीला भिऊन उपाशी राहायलीय. देवीला काय भ्यायचं? ती आई हाय. मला तुझी काळजी वाटायली. तू कुणापुढंच हात पसरत न्हाईस. मी गेल्यावर रडू आलं तर कुणाच्या दारात जाशील रे? माणसाला पाच दारं तरी ठावकी पाहिजेत.”

मी हसून विषय बदलला. त्यानंतर एक दसरा आणि एक संक्रांत आई आमच्यात होती. मग आजार परत आला आणि या वेळी तिनं हॉस्पिटल नको म्हटलं. ती घरीच गेली, दुपारी, माझा हात तिच्या हातात असताना. मला रडू फुटण्याआधी रडत आली ती शेखांची अम्मी, आणि तिसऱ्या घरचे म्हातारबुवा. त्या दिवशी मी कुणाकुणाच्या खांद्यावर डोकं ठेवलं ते मला आठवतही नाही. देवीनं आईला वाचवलं नाही, असं मला कुणी म्हणालं तर मी मान डोलावतो. तिनं मला त्या दारांपर्यंत नेलं, आणि त्यासाठी आईचं आणखी एक वर्ष मला दिलं, एवढं मी जाणतो. त्या एका वर्षाबद्दल मी रोज तिचे पाय धरतो.

आता देवापुढचा दिवा मीच लावतो. सगळ्यांसाठी मागून झालं की शेवटी माझं मागणं उरतं. मला आई हवी आहे. सकाळी चहा घेताना हवी, चाकणहून उशिरा आलो की दार उघडायला हवी, तिच्या हातची जाड भाकरी हवी. हे मिळणार नाही, हे देवीनं मला स्पष्ट सांगितलेलं आहे. तरी मी रोज हात पसरतो. ती रोज गप्प राहते. थोडा वेळ आम्ही दोघं तसेच बसतो, आणि मग मी कामाला जातो.